ध्रुवप्रकाश पाहण्यासाठी ट्रॉम्सोची ग्रुप टूर: एक संध्याकाळ पुरेशी आहे का?

प्रश्न : अलकापुरीकर

नमस्कार. आम्ही पती-पत्नी बडोद्यात राहतो आणि दोघांनीही साठी ओलांडली आहे. यजमानांनी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मे २०२४ मध्ये मोठे सौर वादळ आले, तेव्हा लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाल आभा टिपली होती. वर्तमानपत्रातले ते छायाचित्र त्यांनी कापून देवघराशेजारच्या कपाटाला आतून चिकटवले आहे, आणि एकदा तरी ध्रुवप्रकाश (ध्रुवांजवळच्या प्रदेशात रात्रीच्या आकाशात उमटणारी रंगीत आभा) डोळ्यांनी पाहायचा असे तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले आहे.

एका प्रवास कंपनीने आम्हाला नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराची पाच रात्रींची ग्रुप टूर सुचवली आहे. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, शाकाहारी जेवण, व्हिसाच्या कागदपत्रांची मदत, केबल कार, आर्क्टिक कॅथेड्रल, रेनडिअरचा तळ असे सगळे त्यात आहे. सहल डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. ध्रुवप्रकाशासाठी मात्र कार्यक्रमपत्रिकेत एकच संध्याकाळ दिलेली आहे, तीही चाळीस-पंचेचाळीस जणांच्या बसने. बाकीच्या रात्री हॉटेलच्या खिडकीतूनही तो दिसेल, असे एजंटचे म्हणणे आहे. एवढ्या लांब जाऊन आणि इतक्या वर्षांची पुंजी खर्चून ही एक संध्याकाळ पुरेशी आहे का? डिसेंबर योग्य आहे का? यजमानांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे बर्फावरून चालण्याचीही मला काळजी वाटते. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : कारेलीबाग

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवावरून देऊ शकतो, कारण मी ट्रॉम्सोला दोनदा गेलो आणि पहिल्यांदा काहीही न पाहता परतलो. ती सहल अगदी तुमच्यासारखीच होती. ठरलेल्या संध्याकाळी सहा वाजता बस निघाली, अर्ध्या-पाऊण तासावरच्या एका ठरलेल्या किनाऱ्यावर उभी राहिली, वर ढग दाटलेले होते, आणि साडेनऊला आम्ही हॉटेलात परत आलो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या एका जोडप्याने आदल्या रात्रीचीच छायाचित्रे दाखवली. ते लहान मिनीबसने आत, फिनलंडच्या हद्दीकडे गेले होते आणि तिथे आकाश निरभ्र होते. त्या छायाचित्रांकडे पाहताना मला जे वाटले ते अजून विसरता येत नाही, म्हणून एवढे लांबलचक लिहीत आहे.

ट्रॉम्सो सुमारे ६९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवप्रकाशाचे जे कडे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती असते त्याच्या जवळजवळ खालीच. त्यामुळे तिथे फार मोठ्या सौर वादळाची वाट पाहावी लागत नाही. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा जोर बेताचा असला, तरी हिरवा पट्टा उमटतो. अडचण सूर्याची नसून ढगांची असते. ज्या उबदार सागरी प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेला असूनही शहराचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे चारच्या आसपास राहते, तोच प्रवाह समुद्रावरून ओलावा आणि ढग घेऊन येतो. डोंगर ओलांडून आत गेले की हवा कोरडी होत जाते. शिबोत्न किंवा फिनलंडच्या सीमेपलीकडचे किल्पिसयार्वी ही गावे त्यासाठीच मार्गदर्शकांच्या तोंडी असतात. किल्पिसयार्वी ट्रॉम्सोपासून सुमारे १६० किलोमीटर आहे. तिथे उणे वीसही असू शकते, पण तारे दिसतात.

म्हणून कंपनीला एकच प्रश्न आधी विचारा: त्या रात्री बस कुठे न्यायची हे कोण ठरवते आणि किती वाजता ठरवते? उत्तर ‘कार्यक्रमपत्रिकेनुसार’ असे आले, तर ती संध्याकाळ म्हणजे केवळ एक फेरी आहे. उत्तर ‘स्थानिक मार्गदर्शक दुपारी ढगांचा नकाशा पाहून ठरवतो आणि गरज पडली तर सीमेपर्यंत जातो’ असे आले, तर तिथे पैसे द्यावेत. नॉर्वे आणि फिनलंड दोन्ही शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात असल्याने तोच व्हिसा चालतो, फक्त पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. अशा फेरीतून परतायला रात्रीचे दोन-तीन वाजतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी असणेही तितकेच आवश्यक आहे.

एक संध्याकाळ पुरेशी नाही, हे मी निःसंकोच सांगतो. समजा कोणत्याही एका रात्री दिसण्याची शक्यता निम्मी धरली, तर दोन रात्रींत ती पाऊण होते आणि चार रात्रींत नव्वदीच्या पुढे जाते. प्रत्यक्षात वाईट हवा सलग दोन-तीन दिवस टिकते, म्हणून हिशेब इतका सरळ बसत नाही. पण बाहेर काढलेल्या रात्रींची संख्या हीच आपल्या हातातली गोष्ट आहे. कोणी ‘हमी’ देत असेल तर ती नीट वाचा. बहुधा तिचा अर्थ ‘दिसला नाही तर पुन्हा एक फेरी मोफत’ एवढाच असतो, आणि ग्रुप टूरमध्ये परतीचे विमान ठरलेले असल्यामुळे तिचा उपयोग होत नाही. सौर वाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या त्या कणांच्या झोताचा, नेमका वेध पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून मिळतो, आपले आदित्य-एल१ही तिथेच आहे, आणि तो वेध साधारण अर्धा ते एक तास आधीच हाती येतो. चार महिने आधी कोण कसली हमी देणार?

खिडकीतून दिसण्याबद्दल सांगायचे, तर जोरदार प्रकाश शहरातूनही दिसतो, हे खरे आहे. पण रस्त्यांवरचे दिवे, हॉटेलची काच आणि नेमकी उत्तरेकडची नसलेली खोली यांतून फिका पट्टा हरवतो, आणि बहुतेक रात्री सुरुवात फिक्या पट्ट्यानेच होते. दुसऱ्या सहलीत आम्हाला तो आधी डोंगरावर रेंगाळलेल्या धुरासारखा, करडा-पांढरा दिसला. माझी पत्नी त्याला ढगच म्हणत होती. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाही, म्हणून कॅमेरा हिरवा दाखवतो तेव्हाही आपल्याला तो राखाडी वाटतो. वीसेक मिनिटांनी तो पट्टा हलला, त्याला चुण्या पडल्या, आणि पैठणीचा पदर झटकावा तशी खालची कड गुलाबी होऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे धावत गेली. तेव्हा रंग उघड्या डोळ्यांनी दिसले. तुमच्या यजमानांना सांगा की तो हिरवा रंग साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, वरचा लाल रंग त्याहून उंचावरच्या ऑक्सिजनचा आणि ती गुलाबी कड नायट्रोजनची. हानलेहून फक्त लालच का दिसला, हेही त्यांना यातून लगेच उमगेल: इतक्या दुरून क्षितिजाच्या वर आली ती केवळ उंचावरची आभा.

उत्तर : खगोलप्रेमी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. महिन्याबद्दल थोडे लिहितो. ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो. आपण उत्तरायणाचे पतंग उतरवतो त्याच्या सुमारे आठवड्यानंतर, २१ जानेवारीला, तिथले लोक सूर्य परतल्याचा दिवस गोड बन खाऊन साजरा करतात. ती निळी दुपार सुंदर असते, पण पाच दिवस सूर्य न पाहणे वडीलधाऱ्यांना जड जाऊ शकते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च हा मला अधिक योग्य वाटतो. दिवसा ऊन मिळते, रात्र पुरेशी लांब असते, आणि विषुवदिनाच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सौर वाऱ्याशी गाठ अधिक सहज पडते, असे दीर्घकाळाच्या नोंदींतून दिसले आहे.

चंद्राकडे एजंट लक्ष देत नाहीत. ऐन हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र त्या अक्षांशावर मावळतच नाही, चोवीस तास आकाशात फिरत राहतो, आणि फिका प्रकाश त्यात बुडतो. कॅलेंडर उघडून महाशिवरात्रीच्या आसपासचा आठवडा पाहावा. ती अमावस्येच्या आदली रात्र, म्हणजे आकाश काळेभोर. होळीचा आठवडा टाळावा. सौरचक्राचा (सूर्याची सक्रियता साधारण अकरा वर्षांनी वाढते-ओसरते त्या चक्राचा) कमाल काळ ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाला होता, म्हणून आता उशीर झाला असे समजू नये; उतरत्या काळातही सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या विरळ भागांतून, म्हणजे किरीट-विवरांतून, वेगवान सौर वारा येत राहतो आणि सूर्याच्या फिरण्यामुळे साधारण २७ दिवसांनी तो परततो.

अलकापुरीकर

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एक विचारते. स्वतंत्रपणे जाण्याचे धैर्य आमच्यात नाही. टूर मॅनेजर नसलेली सहल यजमानांच्या गुडघ्यासह मला झेपणार नाही. मग ग्रुप टूर सोडावी का?

उत्तर : मांजलपूर

ताई, ग्रुप टूर मुळीच सोडू नका. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या, आणि टूर मॅनेजर नसता तर मला एकटीला ते जमले नसते. दिवसाची व्यवस्था त्यांच्याकडे राहू द्या आणि रात्रीची फेरी वेगळी घ्या. ट्रॉम्सोत आठ-पंधरा जणांच्या मिनीबसने नेणारे स्थानिक मार्गदर्शक पुष्कळ आहेत. ते हॉटेलजवळून नेतात, बहुतेक जण जाड थंडीचा सूट देतात आणि शेकोटी पेटवतात. मॅनेजरला आधीच सांगून दोन रात्री अशा राखून ठेवता येतात. सासूबाई बराच वेळ गाडीतच बसून राहिल्या. प्रकाश आला तेव्हा मार्गदर्शकाने दार उघडून त्यांचा हात धरला, रेनडिअरचे कातडे अंथरलेल्या स्टुलावर त्यांना बसवले, आणि त्यांनी आकाशाकडे पाहत नकळत दोन्ही हात जोडले.

गुडघ्याला खरा धोका शहरातच आहे. तापमान शून्याच्या वरखाली होत असल्याने फुटपाथवर वितळलेला बर्फ पुन्हा काचेसारखा गोठतो. बुटांना खालून अडकवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात. उतरल्या दिवशी पहिली खरेदी तीच करा. हॉटेलात शिरताना ते काढायला विसरू नका, कारण गुळगुळीत फरशीवर त्यांनीच पाय घसरतो. अंगालगत लोकरीचे थर्मल घाला, सुती नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवते. गरम कपड्यांचा एक पूर्ण जोड हातातल्या बॅगेत ठेवा. आमची मोठी बॅग ऑस्लोत एक दिवस अडकली होती. खाण्यासाठी कोरडी भाखरवडी, खाकरे न्या, पण पेढे, तूप असे दुधाचे पदार्थ नेऊ नका, कारण युरोपाबाहेरून आणलेले दूध-मांसाचे पदार्थ नॉर्वेत चालत नाहीत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो.

अलकापुरीकर

काल कंपनीच्या कार्यालयात जाऊन आलो. बसची जागा आधीच ठरलेली असते, असे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. आम्ही डिसेंबरची नोंदणी न करता त्यांचीच फेब्रुवारी-मार्चमधली सहल मागितली आणि तिच्यात दोन रात्री मिनीबसच्या, तिसरी ढगांसाठी राखीव, अशी मांडणी लेखी करून घेतली. त्यासाठी सहल एका रात्रीने वाढली आणि रेनडिअरचा तळ वगळावा लागला, पण त्याचे आम्हाला काही वाटले नाही. तारीख महाशिवरात्रीच्या आठवड्यातली मिळाली आहे. सूरसागरावरची शिवजींची सवारी यंदा प्रथमच चुकेल, म्हणून यजमान थोडे हळहळले. मग कपाटाचे दार उघडून त्यांनी त्या कात्रणाखाली पेन्सिलीने तारीख लिहिली.