मोटरसाठी २० मिनिटांचा अलार्म करतोय, ५५५ टायमर आयसीचं टायमिंग काही जमत नाहीये

गच्चीवरची_टाकी
नमस्कार मंडळी. घरी गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, बोअरची मोटर लावली की साधारण वीस मिनिटांत भरते, पण आई मोटर लावून स्वयंपाकाला लागते आणि मग पाणी वाहून जातं, आमच्याकडे एप्रिलनंतर पाण्याचे हाल असतात त्यामुळे फार जिवावर येतं. म्हणून बोर्डाशेजारी छोटा डबा बसवायचाय, स्विच टाकला की वीस मिनिटांनी बझर वाजला पाहिजे, बस.

५५५ वर केलंय. पिन २ आणि ६ एकत्र, तिथून प्लसला १ मेगचा (मेगओहम) रेझिस्टर, मायनसला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ४ आणि ८ प्लसला, १ मायनसला, बझर प्लस आणि पिन ३ च्या मधे. ९ व्होल्टची बॅटरी. १.१ गुणिले आर गुणिले सी केलं तर ११०० सेकंद येतात, म्हणजे १८ मिनिटांच्या थोडं वर. पण सकाळी पहिल्यांदा लावलं की पंचवीस मिनिटं झाली तरी वाजत नाही, कधीकधी वाजतच नाही, आणि बंद करून थोड्या वेळाने परत लावलं तर पाच-सात मिनिटांतच बोंबलायला लागतो. आयसी बदलून पाहिली, तेच. मल्टिमीटर लावून पिन ६ बघत बसलो तर व्होल्टेज साडेचारच्या वर जातच नाही.

जुना_रेडिओवाला
जोडणी बरोबर आहे रे तुझी आणि आयसी पण चांगलीच असणार. हान्स कामेनझिंदने १९७१ ला डिझाइन केलेली ही आयसी अजून दुकानात मिळते ती उगाच नाही, पण तिला मिनिटांचं काम सांगितलं की कपॅसिटर दगा देतो.

आधी मल्टिमीटरचं बघ. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स बऱ्याचदा १ मेगच असतो. तुझा रेझिस्टरही १ मेग, म्हणजे ९ चे झाले दोन सारखे भाग, साडेचार! मीटर लावलेला असेपर्यंत तो कधीच वाजणार नाही, काढ तो.

आता खरं दुखणं. ५५५ ट्रिप होते, म्हणजे पिन ३ पलटून बझर वाजतो, सप्लायच्या दोन तृतीयांशावर, तुझ्याकडे ६ व्होल्टला. त्या वेळी १ मेगवर उरले ३ व्होल्ट, म्हणजे करंट फक्त ३ मायक्रोअँपिअर, आणि १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक एवढा करंट आतल्या आत गळू देऊ शकतो. जेवढं येतं तेवढं गळायला लागलं की व्होल्टेज तिथेच अडकतो. पडून राहिलेला कपॅसिटर जास्त गळतो, व्होल्टेज लागून राहिला की आतला ऑक्साइडचा थर सावरतो नि लीकेज कमी होतं, म्हणून सकाळचं टायमिंग वेगळं आणि नंतरचं वेगळं.

दुसऱ्यांदा लवकर वाजतो ते साधं आहे, स्विच बंद केलास तरी कपॅसिटर भरलेलाच राहतो. टू-वे स्विच घे, बंदच्या बाजूला कपॅसिटर १०० ओहममधून मायनसला शॉर्ट कर. एक-दोन मिनिटांचा टायमर हवा असता तर मी म्हटलं असतं एवढं कर आणि वापर, पण वीस मिनिटांना ५५५ चा नाद सोड.

सोल्डर_ताई
दादांना अनुमोदन. सीडी४०६० घे, त्यात ऑसिलेटर आणि १४ टप्प्यांचा काउंटर एकत्र असतो, मोठा कपॅसिटर लागतच नाही. छोट्या कपॅसिटरवर भरभर टिकटिक करायची आणि आयसीला मोजू द्यायचं.

पिन १६ प्लस, ८ मायनस. पिन ९ ला ०.२२ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर, पिन १० ला २२० के (किलोओहम) रेझिस्टर आणि त्याच्या पुढे १०० के प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, पिन ११ ला २.२ मेग, आणि या तिघांची मोकळी टोकं एकत्र जोडायची. ८१९२ टिका झाल्या की पिन ३ हाय होते, म्हणजे प्लसला जाते, प्रीसेट फिरवून साधारण १५ ते २२ मिनिटं मिळतात. पिन ३ वरून ११ कडे एक १एन४१४८ डायोड टाक, पट्टी ११ च्या बाजूला, म्हणजे वेळ झाली की ऑसिलेटर थांबतो आणि बझर वाजत राहतो, नाहीतर आणखी वीस मिनिटांनी आपोआप गप्प होईल. पिन १२ रिसेट, तिला १०० के मायनसला आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्लसला, ही पिन मोकळी सोडलीस तर नुसता हात जवळ नेला तरी वाटेल तसं वागेल. बझर थेट पिन ३ वर नको, तेवढा करंट ती देत नाही, १० के मधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला जा आणि बझर कलेक्टरवर लाव.

सेटिंग करताना वीस-वीस मिनिटं घड्याळ बघत बसू नकोस. पिन १५ वर २.२ के लावून एक एलईडी जोड, ती बरोबर सोळाव्या हिश्श्यात पेटते. ती ७५ सेकंदांवर आणलीस की पिन ३ वीस मिनिटांवर आली समज.

गच्चीवरची_टाकी
ताई, दादा, खूप आभार, मीटरचं तर डोक्यातही आलं नव्हतं! अजून एक, बझरऐवजी रिले लावून मोटरच बंद केली तर? माझ्याकडे शुगर क्यूब रिले पडलाय.

जुना_रेडिओवाला
मोटर त्या रिलेवर अजिबात घेऊ नकोस. १ एचपीची मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या कितीतरी पट ओढते, कॉन्टॅक्ट चिकटले तर मोटर बंदच होणार नाही. छोट्या रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालव आणि मोटर कॉन्टॅक्टरवर घे, तेही वायरमनला शेजारी उभं करून. आणि तोवर बझरचा डबा बॅटरीवरच ठेव, मेनच्या बोर्डात आत बसवू नकोस.

सोल्डर_ताई
बॅटरीची काळजी करू नकोस, ५५५ नुसती बसून काही मिलिअँपिअर खाते, ४०६० त्या मानाने जवळजवळ काहीच घेत नाही. १६ आणि ८ च्या अगदी जवळ ०.१ चा एक कपॅसिटर मात्र टाकच, शेजारी मोटरचा स्विच पडला-उठला की मोजणी मधेच बिघडायला नको.