मदत हवी आहे: अंगठ्यांसाठी कुठला धातू वापरू? गिऱ्हाइकांच्या बोटाला त्रास होतोय

वेढणी
नमस्कार. मी घरी हाताने अंगठ्या बनवते, तारेच्या आणि पत्र्याच्या. राहायला नाशिकरोडला. हल्ली तक्रारी यायला लागल्यात. कुणाचं बोट हिरवं पडतं, कुणाला खाज सुटते. एका ताईंनी फोटो पाठवलाय, अंगठीच्या बरोब्बर खाली गोल पट्टाभर बारीक पुरळ उठलंय. शनिवारी गंगापूर रोडला प्रदर्शनात टेबल घेतलंय, पैसे भरून झालेत. कातडीला त्रास न देणारा धातू कुठला ते एका ओळीत सांगा. सोनं वापर असं कृपया कुणी लिहू नका, माझ्या अंगठ्या दोन-तीनशेला जातात. लवकर सांगा.

कानसवाला
एका ओळीत कसं सांगणार? आत्ता कुठला धातू वापरता तेच लिहिलेलं नाही. जोडाला डाख कशाचा मारता? वरून लॅकर, पॉलिश काही? आणि बोट हिरवं करणारी अंगठी आणि खाजणारी अंगठी एकाच मालाची आहे का वेगळ्या?

वेढणी
धातू नेहमीचाच हो. तांबं आणि पितळ, भांडी बाजारातून आणते. चंदेरी हव्या असतील तर जर्मन सिल्व्हर. सगळे हेच वापरतात, मग माझ्याकडेच तक्रारी का?

तांबट_गल्ली
तांब्याला उगाच नावं ठेवू नका. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्यावर हातोडा चाललाय, कुणाच्या हाताला कधी पुरळ आलं नाही. माझ्या मते सगळ्याच अंगठ्या तांब्याच्या करा. वातावरही गुण येतो, आमच्या आत्याचा सांधा तांब्याचं कडं घातल्यापासून दुखायचा थांबला.

ओपीडी_नंतर
त्वचारोग विभागात काम करते, म्हणून लिहिते. हिरवा डाग आणि खाज ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, त्यांची गल्लत करू नका.

हिरवा डाग तांब्याचा. घामातलं मीठ आणि कातडीवरची आम्लं तांब्याला लागली की तांब्याचे क्षार तयार होतात, त्यांचा तो रंग. साबणाने निघतो, अपाय काही नाही. पितळेतही तांबंच जास्त असतं, त्यामुळे तिथेही तेच. तांब्याची खरी ॲलर्जी फार क्वचित दिसते.

पुरळ आणि खाज मात्र बहुतेक वेळा निकेलची. आणि जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी औषधालाही नसते. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. त्या ताईंना अंगठी काढून ठेवायला सांगा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू दे. पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, दोन आणि चार दिवसांनी वाचतात, म्हणजे नक्की कशाची ॲलर्जी ते कळतं.

वाताचं म्हणाल तर २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाने संधिवाताच्या रुग्णांवर तांब्याची कडी वापरून चाचणी केली होती. दुखणं किंवा सूज कमी झाल्याचं आढळलं नाही.

तांबट_गल्ली
यॉर्कवाल्यांनी आमच्या आत्याला तपासलं नव्हतं. फरक पडला तो पडला.

अंबडचा_टर्नर
एवढा ऊहापोह कशाला? ३१६ एल ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरा. अंबडला एमआयडीसीत कुठल्याही शॉपवर पाइपचे तुकडे भंगारात मिळतात. लेथवर कापा, बफ मारा, झाली अंगठी. गंज नाही, डाग नाही. मी स्वतः रोज घालतो.

गोदाकाठ
टर्नर भाऊ, ३१६ एलमध्ये निकेल १० ते १४ टक्के असतं. वर मॅडम म्हणतायत निकेल वाईट. मग तुमची अंगठी चालते कशी?

अंबडचा_टर्नर
चालते ना पण. शस्त्रक्रियेची हत्यारं स्टेनलेसचीच असतात.

ओपीडी_नंतर
दोघांचंही खरं आहे. धातूत निकेल किती आहे यापेक्षा घामात सुटतं किती हे महत्त्वाचं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो निकेलला धरून ठेवतो. जर्मन सिल्व्हरला असं कवच नाही. युरोपात १९९४ साली नियम आला तोही सुटण्याचा आहे: कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटायला नको. चांगलं ३१६ एल बहुतेकांना सोसतं. तरी ज्यांना ॲलर्जी आहे हे ठाऊक आहे त्यांना मी ते सुचवणार नाही.

कानसवाला
आणि ताई तारकाम करतात. स्टेनलेसची तार पक्कडीने वळवून बघा, स्प्रिंगसारखी उलटी येते. डाखही साध्या टॉर्चवर धड बसत नाही. लेथ घरात नसतो सगळ्यांच्या. टर्नर भाऊ, आणखी एक: पितळेच्या अंगठ्या लेथवर करणार असाल तर मशिनिंगच्या पितळी रॉडमध्ये साधारण ३ टक्के शिसं असतं, कापायला सोपं जावं म्हणून. कातडीला लागणाऱ्या वस्तूला तो रॉड नको.

वेढणी
तुम्ही सगळे निकेल निकेल करताय, पण फोटोतल्या ताईंची अंगठी जर्मन सिल्व्हरची नाहीच. सोनेरी आहे, पितळेची. पितळेत निकेल नसतं ना? म्हणजे कारण दुसरं काहीतरी आहे. मला शनिवारपर्यंत उत्तर हवंय.

ग्रहमान
ताई, कुठल्या बोटात घातली होती? रत्न होतं का त्यात? नीलम असेल तर पंचधातू किंवा चांदी, माणिक सोन्यात किंवा तांब्यात. चुकीच्या धातूत रत्न बसवलं तर त्रास होतोच. जन्मवेळ कळवल्यास पाहून सांगतो.

कानसवाला
सोनेरी म्हणजे नुसती घासलेली पितळ, की वरून सोन्याचं पाणी दिलेलं?

वेढणी
पाणी दिलेलं. सराफ बाजाराच्या मागे एकांकडे पॉलिशला टाकते. त्याचा काय संबंध? ते तर सोनंच असतं.

कानसवाला
तिथेच मेख आहे. त्यांना फोन करून एवढंच विचारा, सोन्याखाली कशाचा थर देता?

गोदाकाठ
अवांतर: सराफ बाजारात हल्ली गाडी कुठे लावता? दहीपुलाकडून आत शिरलं की अर्धा तास तिथेच जातो. सिंहस्थात काय होणार कोण जाणे.

तांबट_गल्ली
रविवार कारंजावर रिक्षाने उतरा आणि चालत जा. दुसरा उपाय नाही.

वेढणी
फोन केला. म्हणाले, निकेल मारल्याशिवाय चकाकी येत नाही, सगळेच मारतात.

कानसवाला
मारतात, खरंय. निकेलने पृष्ठभाग उजळतो आणि खालचं तांबं सोन्यात चढून रंग बिघडवत नाही. त्यांनी फसवलं असं नाही, धंद्याची रीतच ती. पण अंगठी आतून सगळ्यात आधी झिजते. बोटावर रोज फिरते, साबण, भांडी, मेदूवड्याचं पीठ, सगळं त्याच बाजूला. सोन्याचा थर असतो केसाहून कितीतरी पातळ. तो गेला की निकेल थेट कातडीवर, वर घाम अडकलेला. ताईंना फोटोतल्या अंगठीची आतली बाजू उजेडात धरून बघायला सांगा, पिवळ्यात पांढुरके पट्टे दिसतील.

वेढणी
दिसतायत. आत्ताच फोटो आला. आतल्या कडेला अख्खा पांढरा पट्टा आहे. मग करू काय? तोडगा सांगा.

रोज_एक_अंगठी
मी लॅकर मारते, पारदर्शक नेलपॉलिश आतून दोन हात. काही त्रास नाही.

कानसवाला
नेलपॉलिश आठवड्याभरात उडते, गिऱ्हाइकाला काय दर आठवड्याला बोलावणार? माझ्या मते असं करा. जर्मन सिल्व्हर बंद. चंदेरी हवं तर ९२५ चांदीची तार घ्या. महाग पडेल, पण बारीक गेजची नाजूक अंगठी करा, वजन कमी लागतं. चोख चांदी अंगठीला फार मऊ पडते, म्हणून ९२५: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. सराफाकडे टंच मशीनवर, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या यंत्रावर, तार दाखवून घ्या, निकेल असेल तर तिथेच आकडा येतो. सोनेरी हवं तर पितळ उघडी ठेवा, मुलामा नकोच. बोट हिरवं पडू शकतं हे विकतानाच सांगा. मुलामा द्यायचाच असेल तर निकेलऐवजी व्हाइट ब्रॉंझचा थर मागा. ते तांबं, कथील आणि जस्ताचं असतं.

सराफाची_लेक
+१. चांदी काळी पडते तेव्हा लोक त्यालाही ॲलर्जी समजतात. हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने पडते ती. जोडवी बघा, बायका वर्षानुवर्षे चांदीचीच घालतात, पाय सतत ओले, मातीत. ९२५ बायांना बहुधा सोसते.

ओपीडी_नंतर
सहमत. आणखी एक कारण राहिलं. अंगठीखाली साबण आणि ओल अडकून पुरळ येतं, त्यात धातूचा दोष नसतो. हात धुताना अंगठी काढा आणि बोट कोरडं करून घाला, असं चिठ्ठीवर लिहून प्रत्येक डबीत टाका.

नवी_सभासद
कानातल्यांसाठी टायटॅनियम किंवा नायोबियमचे हूक घ्या, माझ्या लेकीचे कान चिघळायचे थांबले.

वेढणी
कानातलं मी करत नाही, पण धन्यवाद. ठरलं असं: मुलामा दिलेल्या आणि जर्मन सिल्व्हरच्या अंगठ्या टेबलावर ठेवणार नाही. तांबं आणि उघडी पितळ हिरव्या डागाची पाटी लावून, आणि थोड्या चांदीच्या. फोटोतल्या ताईंना पैसे परत पाठवले. शेवटचा प्रश्न: ९२५ ला डाख कुठला? माझ्याकडे कथलाचा आहे.

कानसवाला
कथलाचा नको, त्यात शिसं असू शकतं आणि चांदीवर जोडही कच्चा राहतो. चांदीचाच हार्ड डाख घ्या, सवागी (बोरॅक्स) लावून. मागताना कॅडमियम नसलेला असं स्पष्ट सांगा. केडीएम म्हणून देतील तो कॅडमियमचाच, तो घेऊ नका, तापवताना त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. आणि जोड आतल्या बाजूला कानशीने सपाट करा, उंचवटा राहिला की तोच बोटाला घासतो.