दुधाच्या पावतीवरील आणि गोठ्यातील शब्दांचा नेमका अर्थ

प्रश्न (सत्तरी)

नमस्कार. सासऱ्यांना आता काम झेपत नसल्यामुळे यंदाच्या पावसाळ्यापासून गोठा मी सांभाळते. चार संकरित गाई आणि एक म्हैस आहे. दूध सोसायटीच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ असे दोन आकडे येतात व त्यांवरून दर ठरतो; पावसाळ्यात गाईच्या दुधाची फॅट ४ वरून ३.४ वर आली, परंतु ती का घसरली हे मला उमगले नाही. शिवाय पशुवैद्य 'ही उलटली', 'हिला आता आटवा', 'म्हशीचा माज मुका आहे' असे म्हणतात. या शब्दांचा अर्थ आणि त्यावर आपण काय करायचे, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर (डिचोली)

ताई, आधी पावतीचे पाहू. फॅट म्हणजे दुधातील स्निग्धांश. स्निग्धांश आणि पाणी वगळून उरणारी प्रथिने, दुग्धशर्करा व खनिजे मिळून एसएनएफ होते. गाईच्या दुधात फॅट साधारणपणे ३.५ ते ४.५ टक्के आणि एसएनएफ ८.५ टक्क्यांच्या आसपास असते, तर म्हशीच्या दुधात फॅट ६ ते ७ टक्के आणि एसएनएफ ९ टक्क्यांच्या आसपास असते. आपली गोव्यातली गावठी श्वेतकपिला गाय दूध थोडे देते, पण तिची फॅट चांगली लागते.

फॅट मुख्यतः चाऱ्यातील तंतूंवर अवलंबून असते, कारण कोठीपोटात, म्हणजे गुरांच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, तंतुमय चारा आंबून जे आम्ल तयार होते, त्यापासून कासेत स्निग्धांशाचा मोठा भाग बनतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गुरांच्या पोटात कोवळे, पाणीदार गवत जाते आणि पेंढा कमी जातो. तुमची फॅट घसरण्याचे हेच कारण असण्याची शक्यता मला अधिक वाटते. सकाळी हिरवा चारा टाकण्यापूर्वी भाताचा कोरडा पेंढा द्यावा आणि दूध वाढावे म्हणून एकदम खुराक (पेंड, भरडा) वाढवू नये.

दुसरी गोष्ट धार काढण्याची. सुरुवातीच्या धारांत फॅट अगदी कमी असते आणि शेवटच्या धारांत ती कितीतरी पटींनी वाढलेली असते. पुष्कळ घरांत शेवटचे दूध वासरासाठी सोडतात, म्हणजे सर्वांत दाट दूध सोसायटीपर्यंत पोहोचतच नाही. वासराला त्याच्या वाट्याचे दूध आधी पाजावे, त्यामुळे पान्हाही सुटतो, आणि नंतर कास पूर्ण रिकामी करावी. नमुना घेण्यापूर्वी कॅनमधील दूध ढवळले जाते की नाही, तेही उभे राहून पाहा. साय वर आलेली असताना नमुना घेतला, तर आकडा खरा येत नाही. एसएनएफ मात्र गुरे अर्धपोटी राहिल्याने, कासदाहाने (कासेला सूज येण्याच्या आजाराने) किंवा दुधात पाणी गेल्याने उतरते.

उत्तर (केपे)

माजाविषयी, म्हणजे गाय-म्हैस गर्भधारणेस तयार होते त्या वेळेविषयी, मी लिहितो, कारण गोठ्याचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते. गाभण नसलेली गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि तो माज १२ ते १८ तास टिकतो. ती हंबरते, दुसऱ्या गाईला अंगावर चढू देते, चारा कमी खाते आणि शेपटीला काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट (स्राव) लागलेला दिसतो. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन (गर्भधारणेसाठी वीर्य सोडणे) करून घ्यावे. रेतनानंतर गाय पुन्हा माजावर आली, म्हणजे गर्भ राहिला नाही, की ती 'उलटली' असे म्हणतात. एकदा उलटली म्हणून घाबरू नका. सलग तीनदा उलटली, तर गर्भाशयाची तपासणी करून घ्या.

मुका माज म्हणजे माज असूनही लक्षणे न दिसणे. म्हशीत तो नेहमीचाच असतो. त्यातच तिचा माज बहुधा रात्री किंवा पहाटे येतो, म्हणून धारेपूर्वी कंदील किंवा बॅटरी घेऊन ती बसलेली जागा पाहावी, तिथे सोट पडलेला सापडतो. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढच्या माजाच्या वेळी १८ व्या दिवसापासून लक्ष ठेवा.

प्रश्नकर्त्या

मनापासून आभार. एक गाय सात महिन्यांची गाभण आहे आणि अजून पाच लिटर दूध देते. चालू दूध थांबवणे सासऱ्यांना पटत नाही. आटवणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर (डिचोली)

होय, आणि वेळ आताच आहे. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हशीचा ३१० दिवसांच्या आसपास असतो. विण्यापूर्वीचे दोन महिने कासेला विश्रांती द्यावी लागते. यालाच भाकड काळ म्हणतात. या काळात कासेतील दूध तयार करणाऱ्या पेशी नव्याने घडतात आणि गर्भाचीही वाढ सर्वाधिक होते. न आटवलेली गाय पुढच्या वेतात (विल्यानंतरच्या दुधाच्या काळात) कमी दूध देते आणि तिचा चीकही हलका निघतो, म्हणजे आज मिळणाऱ्या पाच लिटरची किंमत पुढचे संपूर्ण वेत चुकवते, असे सासऱ्यांना सांगा. खुराक कमी करावा आणि धार बंद करावी. शेवटच्या धारेनंतर चारही सडांत सोडायचे औषध पशुवैद्यांकडून घालून घ्यावे आणि पुढचे आठ दिवस कास रोज हाताने चाचपावी. कास पहिले दोन-तीन दिवस ताठते, ते स्वाभाविक आहे. परंतु एखादा सड गरम, लाल किंवा दुखरा लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा.