उत्तर: शनिवारी मडगावकडे – बरोबरी पुरे का?

शनिवारच्या मडगावच्या फुटबॉल मॅचबद्दल वर कोणीतरी लिहिलंय, ‘बाहेरची मॅच, बरोबरीत सुटली तरी पेढे वाटू.’ माफ करा, पण मला नाही पटत. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, खेळायचं म्हणजे अर्धा गाव कुंपणाला टेकून उभा असणार, हे खरं. तिथं पोरं चालायला लागतात तीच बॉलच्या मागे. पण आपल्या डिचोलीच्या पोरांकडे तो लांब थ्रो आहे ना, बाहेर गेलेला बॉल हातानं थेट गोलसमोर फेकायचा! अशा थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, म्हणजे समोरच्या बचावपटूंच्या पुढे उभं राहिलं तरी चालतं, त्यामुळे आपला उंच स्ट्रायकर गोलकीपरच्या नाकासमोर जाऊन उभा राहू शकतो. गेल्या मॅचला नेमका त्यावरच गोल झाला. बॉल त्याच्या डोक्याला लागला की खांद्याला, यावर कॅन्टीनमध्ये अजून वाद चालू आहे.

भीती आहे ती आपल्या उजव्या बॅकची, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूची. पहिल्या वीस मिनिटांत ताकिदीचं पिवळं कार्ड घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

आम्ही सहाजण फोंड्यावरून, बोरीचा पूल ओलांडून येतोय. गाडीत एक जागा आहे. ढोल आणणाऱ्याला पहिला मान. आणि बाबांनो, शर्ट निळेच घाला. मागच्या वेळी निम्मे लोक यजमानांच्या रंगात आले होते.