मदत हवी आहे : इस्ट्रोजेन रिसेप्टरचा अभ्यास आणि टॅमॉक्सिफेन, कंट्रोल (तुलनेचे गट) कोणते घ्यावेत?

मृण्मयी_प

नमस्कार मंडळी,

पीएचडीचा विषय आहे इस्ट्रोजेनचा इन्सुलिनवरचा परिणाम. इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फाचं (इस्ट्रोजेन ज्याला चिकटून काम करतं त्या प्रथिनाचं) जनुक फक्त स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींमधून काढायचंय, तेही उंदीर मोठे झाल्यावर. अख्ख्या शरीरातून ते काढलेले उंदीर १९९३ पासून आहेत, पण माझ्या कामाचे नाहीत. माद्या वांझ, अंगावर चरबी, रक्तातलं इस्ट्रोजेन भलतंच वाढलेलं. साखर बिघडली तर दोष बीटा पेशींना द्यायचा की चरबीला?

म्हणून क्री-लॉक्स : डीएनएवरच्या लॉक्सपी नावाच्या दोन खुणांमधला तुकडा क्री हे एन्झाइम कापून काढतं. जनुकाच्या दोन्ही बाजूंना लॉक्सपी असलेले उंदीर आहेत, त्यांचा संकर एमआयपी-क्रीईआरटी उंदरांशी करणार, ज्यांच्या बीटा पेशींतलं क्री टॅमॉक्सिफेन मिळेपर्यंत केंद्रकाबाहेर थांबतं. मग टॅमॉक्सिफेन हे औषध टोचलं की क्री केंद्रकात शिरून जनुक कापेल. घोडं इथेच पेंड खातंय. टॅमॉक्सिफेन स्वतःच इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटतं! ज्याचा अभ्यास करायचा त्यालाच आधी डिवचायचं, हे मनाला पटत नाही. सरांच्या मते क्री नसलेल्या भावंडांना तेच इंजेक्शन दिलं की कंट्रोल झाला.

खरंच तेवढं पुरे का? आणि इंजेक्शननंतर किती थांबावं? पिंजरे मोजकेच आहेत, संकर लावायच्या आत कळलं तर बरं.

आयलेटवाला

शंका रास्त आहे, पण टॅमॉक्सिफेनपेक्षा मोठी भानगड त्या क्रीच्या उंदरातच आहे. क्री नीट तयार व्हावं म्हणून त्या डीएनएला मानवी ग्रोथ हॉर्मोनचं छोटं जनुक जोडलेलं आहे, आणि बीटा पेशी ते हॉर्मोन प्रत्यक्षात बनवतात. उंदराचं स्वतःचं ग्रोथ हॉर्मोन प्रोलॅक्टिन रिसेप्टरवर (गाभणपणी बीटा पेशी वाढतात त्या याच्यामार्फत) चालत नाही, माणसाचं मात्र चालतं. त्यामुळे गाभण मादीत जे होतं तेच इथे होतं : बीटा पेशींत सेरोटोनिन वाढतं, पेशीही वाढतात. नरातसुद्धा! म्हणजे काहीही न कापता उंदीर बदललेला, आणि क्री नसलेल्या भावंडांत यातलं काहीच दिसणार नाही.

तेव्हा क्री असलेला पण लॉक्सपी नसलेला गट हवाच, टॅमॉक्सिफेनसकट. सरांना एवढं एकच पटवा, बाकीचं पुढे बघता येईल. त्यासाठी आई-बाप दोघांकडे लॉक्सपीची एकेकच प्रत ठेवा आणि क्री एकाकडेच, म्हणजे सगळे गट एकाच वेतातून मिळतील. हिशोब मात्र कडू आहे : हवा तो नॉकआउट (जनुक काढलेला उंदीर) आठांत एक, त्यात नर-मादी वेगळे करायचे. विषय इस्ट्रोजेनचा असल्याने ते टाळताही येणार नाही.

कुंदा_शा

आयएनएस१-क्रीईआरटी मिळतो का बघा. तो इन्सुलिन १ च्या जागीच बसवलेला आहे, ग्रोथ हॉर्मोनचं लचांड नाही.

थांबण्याबद्दल : आयलेटमध्ये (बीटा पेशी असतात त्या पुंजक्यांत) टॅमॉक्सिफेनचा असर चार आठवडे टिकल्याचं २०१२ मध्ये दाखवलं गेलंय, त्याआधी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट नको. नॉकआउट गटातल्या काहींना नुसतं कॉर्न ऑइल (टॅमॉक्सिफेन ज्यात विरघळवतात ते) टोचा. औषधाशिवायही क्री गळतं का, म्हणजे आपोआप जनुक कापतं का, ते त्यातून कळेल.

मृण्मयी_प

ग्रोथ हॉर्मोनचं माहीतच नव्हतं, दोघांचेही आभार! साधा आयएनएस१-क्री घेतला तर टॅमॉक्सिफेनच लागणार नाही, असाही विचार आला.

आयलेटवाला

लागणार नाही, पण मग जनुक गर्भातच जाईल. पेशी नीट घडल्या नाहीत की मोठेपणी नीट चालल्या नाहीत, हे वेगळं काढता येणार नाही. तुमचा प्रश्न 'मोठे झाल्यावर'चा असेल तर टॅमॉक्सिफेनच बरं.