झोआ तपकिरी पडल्या, देठही लांबले: फॉस्फेट काढू की उजेड वाढवू?

खारेपाणी२००
खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी २०० लिटरची, खडक-वाळू वजा जाता पाणी १७० लिटर. नारिंगी आणि हिरव्या झोआंच्या (झोअँथिड, प्रवाळासारखे वसाहतीने वाढणारे जीव) दोन वसाहती वाळूवर आहेत. दोन महिन्यांत दोन्ही तपकिरी झाल्या, देठ लांबले. पॉलिप (वसाहतीतले फुलासारखे एकेक जीव) मात्र रोज उघडतात. नायट्रेट ३०, चेकरवर (हातात धरायचं मोजणी-यंत्र) फॉस्फरस ८० पीपीबी (अब्जात ८० भाग), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) ८.२ डीकेएच, क्षारता ३५ पीपीटी. एलईडी ८ तास, पांढरा ६० टक्के, निळा ४०. रोज ३ लिटर पाणी उडतं, भर स्वयंपाकघरातल्या आरओची. फॉस्फेट ०.०८ म्हणजे ठीक ना? तरी जीएफओची (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) पूर्ण मात्रा टाकून दिवे १०० टक्के करावेत, असा विचार आहे.

निळीभरती
दोन्ही एकदम नको! आणि ०.०८ नाही. तुमचा चेकर फॉस्फरस मोजतो, फॉस्फेट नव्हे. ३.०६६ ने गुणा: ८० चे २४५ पीपीबी, म्हणजे जवळपास ०.२५ पीपीएम. झोआंना ०.०३ ते ०.१० पुरे.

तपकिरी दिसतं ते पॉलिपमधलं झूझँथेली शेवाळ. खत (नायट्रेट-फॉस्फेट) भरपूर आणि उजेड कमी असला की ते दाट होतं, नारिंगी-हिरवा रंग त्याखाली झाकला जातो. जीएफओ पूर्ण टाकलात तर फॉस्फेट दोन-तीन दिवसांत कोसळेल, पॉलिप मिटतील, रंग फिके पडतील. शून्यावर गेलं तर डायनोफ्लॅजेलेट्स: बुडबुडे धरलेला, शेंबडासारखा तपकिरी थर.

पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने सुरू करा, चार दिवसांनी मोजा. उतरलेला आकडा पुन्हा चढेल, कारण खडकाने धरलेला फॉस्फेट सुटत राहतो. धीर धरा, मात्रा वाढवू नका.

नायट्रेटसाठी आठवड्याला २० टक्के पाणी बदला: ३० चे २४, मग १९, मग १५, माशांच्या खाण्याची भर धरता याहून थोडं हळूच. कालवलेल्या नव्या पाण्याची अल्कलिनिटी आधी मोजा. काही मिठांची १२ असते. तेवढ्या एका बदलात तुमची ८.२ वरून जवळजवळ ९ होईल. झोआ ८ वरही खुलतात आणि ९ वरही, हेलकावे मात्र त्यांना सोसत नाहीत.

प्रवाळवेडा
देठ लांबले म्हणजे उजेड कमी, यात शंका नको. निळा दर आठवड्याला ५ टक्क्यांनी ७० पर्यंत न्या, पांढरा तसाच हळूहळू २० वर आणा. पॅर मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारा) मिळाला तर पॉलिपच्या उंचीवर ८० ते १२० धरा. देठ आखडून पॉलिप खडकाला चिकटले, मधली चकती फिकी झाली, की १० टक्के मागे या.

निळ्याखाली झोआ नुसत्या फ्लुरोसन्सनेही चमकतात. रंग खरंच परततोय का, हे बघायला आठवड्यातून एकदा त्याच वेळी, त्याच सेटिंगवर फोटो काढा.

टीडीएस_शून्य
मला आधी आरओच खटकला. पिण्याच्या बऱ्याच आरओत चव राखायला थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो. तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचा आकडा, किती येतो?

खारेपाणी२००
६५. माशांना घालतो तो गोठवलेला मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) धुऊन टाकला तर फरक पडेल का?

टीडीएस_शून्य
६५ फार झाला. उडतं ते शुद्ध पाणी, त्यातलं बाकी सगळं टाकीत राहतं. रोज ३ लिटर म्हणजे दोन महिन्यांत १८० लिटर: टाकीत आहे त्याहून जास्त पाण्यातला विरघळलेला ऐवज तुम्ही आत साठवलात. मिसळण न करणारा वेगळा आरओ घ्या, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी) लावा. मीटर ० सोडून १ दाखवू लागला की रेझिन बदला. मीठही त्याच पाण्यात कालवा.

मायसिस धुऊन विशेष काही साधत नाही. बहुतेक फॉस्फेट खाण्याच्या आतच असतो. एका वेळचं खाणं कमी करा.

आणि वसाहत हलवताना हातमोजे आणि चष्मा घालाच. झोआंत पॅलिटॉक्सिन असू शकतं. तो खडक कधीही उकळू नका, वाफेतून विषबाधा होते.