मदत हवी आहे: कॉमिक्स ऑनलाईन विकायला जीएसटी नंबर लागतोच का? (सोलापूर)

चौकटवाला, सोमवार रात्री ११:४२
नमस्कार. घाईत लिहायलोय, नक्की माहिती असेल त्यांनीच सांगा प्लीज. मी कॉमिक्स आणि मांगा (जपानी कॉमिक्स) विकतो, आधी ओळखीत मग इन्स्टावर, आता एका मोठ्या साईटवर सेलर खातं काढायला घेतलं तर तीन दिवस झाले एकाच पानावर अडकलोय, जीएसटी नंबर टाका म्हणतंय आणि पुढंच जाऊ देईना. इकडं शुक्रवारी नवीन खंड यायलाय, २७ जणांनी आगाऊ पैसे दिलेत, आणि त्याच दिवशी साईटवर पण टाकायचा होता. गल्लीतले एक टॅक्सवाले काका म्हणाले पाच हजार दे, नंबर काढून देतो. पुस्तकाला टॅक्सच नाही म्हणतात ना, मग नंबर कशाला? लवकर सांगा.

जुळे_सोलापूर, रात्री ११:५८
लागतो. विषय संपला. मी २०१९ पासून चादरी आणि टॉवेल ऑनलाईन विकतोय. ऑनलाईन म्हटलं की पहिल्या रुपयापासून जीएसटी, ती ४० लाखाची सूट दुकानात बसून विकणाऱ्याला. माझ्या मेहुण्याने नंबर न काढता सुरू केलं तर साईटने दोन महिन्याचे पैसे अडकवून ठेवले होते. नंबर काढून टाक आणि मोकळा हो.

हिशोबवही, मंगळवार सकाळी ८:१०
थांबा थांबा. चादरीवर टॅक्स आहे म्हणून तुम्हाला लागला, पुस्तकाचं तसं नाही. मी सीएच्या ऑफिसात काम करते, रोज हेच बघते. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, एचएसएन (मालाचा कोड) ४९०१, लहान मुलांची चित्रांची आणि रंगवायची पुस्तकं ४९०३, ती पण शून्य. जीएसटी कायद्याचं कलम २४ सांगतं की साईटवरून विकणाऱ्याने नोंदणी करावीच, ते खरं, पण कलम २३ प्रमाणे जो फक्त करमुक्त माल विकतो त्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि २०२३ च्या दुरुस्तीने २३ हे २४ च्या वर आहे असं कायद्यातच लिहिलंय, तेही १ जुलै २०१७ पासून लागू.
चौकटवाला, आधी हे सांगा: फक्त कॉमिक्सच विकता का? आणि महाराष्ट्राबाहेर माल जातो का?

नवी_पेठ, सकाळी ९:३५
पोरा, माझं नवी पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, वडिलांपासून. एक काळ होता, सुट्टी लागली की पोरं दुकानापुढं पायरीवर बसून अख्खं कॉमिक वाचून काढायची आणि मग घ्यायचं की नाही ठरवायची, मी कधी उठवलं नाही. आता येतात, हातात घेऊन फोटो काढतात आणि मोबाईलवर मागवतात. तू साईटच्या मागं लागू नको. त्यांचं कमिशन, त्यांची रिटर्न पॉलिसी, पुस्तक वाचून परत पाठवणारे पण बघितलेत मी. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर स्टॉल टाक, पंधरा दिवसात वर्षाचा धंदा होतो. जागेसाठी कुठं अर्ज करायचा ते सांगतो.

चौकटवाला, सकाळी १०:०२
काका गड्डा जानेवारीत आहे, मला शुक्रवारचं पडलंय.
ताई, हो, फक्त कॉमिक्सच. थोडे पोस्टर असतात.

हिशोबवही, सकाळी १०:०५
थोडे म्हणजे किती? विकता की फुकट देता?

पार्सल_ताई, सकाळी १०:४०
टॅक्सचं मला माहिती नाही पण पाठवायचं असेल तर पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा बघा, १ मे २०२५ पासून सुरू झालीय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंग पण मिळतं. आधीचं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा आमच्यासारख्यांचे लई हाल झाले होते. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं पाहिजे. मासिकं चालत नाहीत.

जुनाअंक, सकाळी ११:१५
मासिकं चालत नसतील तर चांदोबाचे अंक पण नाहीत? माझ्याकडं आजोबांची अख्खी ट्रंक आहे, चांदोबा आणि इंद्रजालचे मराठी अंक, वेताळाचे. इंद्रजाल १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद पडलं, त्यातले शेवटच्या वर्षांचे बरेच आहेत. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेत म्हणून कसर लागली नाही पण पिना गंजून मधल्या पानावर तांबडे डाग पडलेत. विकावेत का ठेवावेत कळंना. ह्याच्यावर पण जीएसटी का?

हिशोबवही, सकाळी ११:३०
मासिकं ४९०२ मध्ये, ती पण शून्य. घरातले जुने अंक एकदा विकले म्हणजे धंदा होत नाही, काळजी नको. पण कृपा करून हा धागा चौकटवाल्याचा आहे, त्यांना उत्तर देऊ द्या.

चौकटवाला, दुपारी १:२०
सॉरी कॉलेजात होतो. पोस्टर विकतो पण वेगळे नाही, सेट असतो. खंड + ए-थ्री पोस्टर + कीचेन, ६९९ ला. पोस्टर अशोक चौकातल्या प्रेसमधून छापून घेतो. २७ बुकिंगमधले १९ सेटचेच आहेत. नुसतं पुस्तक कोण घेतंय माझ्याकडून, पुस्तक तर साईटवर स्वस्त मिळतं, सेटसाठीच येतात. पण पोस्टर हा काय मुद्दा झाला का? मुख्य माल कॉमिक्सच आहे.

हिशोबवही, दुपारी १:४१
हाच मुद्दा आहे आणि हे पहिल्या पोस्टमध्ये यायला पाहिजे होतं. पोस्टर आणि कीचेन करपात्र आहेत. एक जरी करपात्र वस्तू विकली तरी "फक्त करमुक्त" राहत नाही, कलम २३ चं छत्र गेलं.
दुसरं, सेट एकाच किमतीला देता, त्याला कायद्यात मिश्र पुरवठा म्हणतात आणि त्यातल्या ज्या वस्तूचा दर सगळ्यात जास्त तोच दर पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे उद्या नोंदणी झाली तर ६९९ च्या ६९९ वर टॅक्स, आतल्या करमुक्त पुस्तकासकट. कुरिअरचं वेगळं आहे, पुस्तकासोबत पाठवणावळ घेतली तर ती पुस्तकाबरोबर जाते, त्यावर वेगळा टॅक्स नाही.
आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाही. बाहेर जातो का माल?

जुळे_सोलापूर, दुपारी २:००
बघा, मी काल रात्रीच सांगितलं होतं, नंबर लागतो म्हणून.

हिशोबवही, दुपारी २:०४
तुम्ही "ऑनलाईन म्हणजे लागतोच" म्हणालात, ते अजूनही चूक आहे. नुसती पुस्तकं विकणाऱ्याला लागत नाही. करपात्र माल असला तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात साईटवरून विकणाऱ्या छोट्या माणसाला नोंदणीशिवाय नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन विकता येतं, मुख्य अट ही की राज्याबाहेर काही पाठवायचं नाही. तुमचं २०१९ चं आहे, तेव्हा हे नव्हतं.

जुळे_सोलापूर, दुपारी २:२०
कागदावर काहीही असू द्या ताई, साईटवाले ऐकत नाहीत. अनुभवाचं बोलतोय मी. दोन महिने पैसे अडकले की माणूस कायदा विसरतो.

चौकटवाला, दुपारी ३:१०
जातो ना बाहेर. सोलापूरहून कलबुर्गी, विजयपूर किती लांब आहे, तिकडची बरीच पोरं आहेत माझ्या ग्रुपमध्ये, आणि हैदराबादला मावसभावामुळं पाचसात जण. कर्नाटकात मागच्या महिन्यात ११ सेट गेलेत. हे पण चूक का? बाहेरचं राज्य म्हणजे दिल्ली वगैरे असं मला वाटायचं. वर्षभराचा सगळा मिळून धंदा ३ लाख ८० हजाराचा आहे, नफा विचारू नका. ४० लाखाच्या खाली आहे की.

हिशोबवही, दुपारी ३:३५
अक्कलकोटच्या पुढं हद्द ओलांडली की दुसरं राज्य, मग ते तासाभरावर असलं तरी. पुस्तक हद्दीपलीकडं पाठवा, काही नाही. करपात्र माल पाठवला की ४० लाखाची मर्यादा धरत नाहीत, नोंदणी सक्तीची. ११ सेट त्यात येतात.

नवी_पेठ, दुपारी ४:०५
अहो अकरा पोस्टरसाठी पोराला घाबरवू नका. सगळं काढून टाक लिस्टमधनं, झालं गेलं विसर. कोण बघायला येतंय.

हिशोबवही, दुपारी ४:१८
काका, मी घाबरवत नाही, पण विसर हा सल्ला मी देणार नाही. पैसे यूपीआयने आलेत, बँकेत नोंद आहे, इन्स्टावर सेटचे फोटो आहेत. रक्कम लहान आहे, कागद घेऊन एखाद्या सीएकडं एकदा बसावं, काय करायचं ते तो सांगेल. लपवून पुढं वाढवलेला धंदा मग सुटत नाही.

नवी_पेठ, दुपारी ४:३०
बरोबर आहे तुमचं. मी पण २०१७ ला असाच घाबरलो होतो, मग एका सीएने दोन बैठकीत सगळं लावून दिलं.

पार्सल_ताई, संध्याकाळी ५:०२
मी घाबरून नंबर काढला होता, गरज नसताना. मग महिनोंमहिने विक्री शून्य, जीएसटीचे रिटर्न भरायचे विसरले, निल असलं तरी दिवसाला २० रुपये लेट फी. एका रिटर्नला ५०० च्या वर जात नाही पण किती रिटर्न झाले मोजा. रद्द करायला पण आधी सगळे रिटर्न भरावे लागले. म्हणून नुसता साईटच्या चौकटीत टाकायला नंबर काढू नका.

जुनाअंक, संध्याकाळी ५:४०
एक विचारू का, इंग्रजी मांगा इतके महाग का असतात? ५०० चं पुस्तक ७०० ला देतात.

चौकटवाला, संध्याकाळी ६:१५
बाहेरून येतात म्हणून. शिवाय २०१९ च्या बजेटपासून आयात पुस्तकावर ५ टक्के कस्टम ड्युटी लागलीय, आणि मुंबईच्या वितरकाचं वेगळं. दादा आता माझ्या प्रश्नावर येऊया का.
ताई मला साधं सांगा. शुक्रवारी मी काय करू?

हिशोबवही, संध्याकाळी ६:५०
दोन रस्ते आहेत.
एक, पोस्टर-कीचेन पूर्ण बंद, फक्त पुस्तकं. मग नंबर नको आणि देशभर पाठवा. पुस्तकं विकणाऱ्यांसाठी बऱ्याच साईटवर फॉर्ममध्ये "फक्त करमुक्त वस्तू विकतो" असा पर्याय असतो, जीएसटी नंबराच्या चौकटीखाली बारीक अक्षरात, तो बघा. हातात दिलेलं पोस्टर पण मोजलं जातं, साईटवर नाही विकलं म्हणजे चालतं असं नाही.
दोन, सेट चालू ठेवायचे आणि बाहेर पाठवायचे असतील तर नोंदणी करा. सरकारी फी शून्य आहे, पाच हजार काकांच्या कामाचे. पत्त्याच्या पुराव्याला लाईट बिल लागतं, ते कोणाच्या नावावर आहे? घरच्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र लागतं. नोंदणी झाली की पुस्तक आणि पोस्टर बिलात वेगळ्या किमतीने लावा, सेट नको.
आणि प्राप्तिकर वेगळा. साईट विक्रीवर ०.१ टक्का टीडीएस कापते, १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी १ टक्का होता. पॅन दिलेला असेल आणि वर्षाची विक्री ५ लाखाच्या आत असेल तर कापत नाहीत. जीएसटीचा टीसीएस, म्हणजे साईट विक्रीच्या पैशातून कापून ठेवते तो, ०.५ टक्का असतो पण करमुक्त पुस्तकावर नाही.

जुळे_सोलापूर, संध्याकाळी ७:१२
मी म्हणतो दुसराच रस्ता घे. कधीतरी मोठं व्हायचंच आहे ना.

चौकटवाला, रात्री १०:५०
सापडला तो पर्याय ताई. नंबराच्या चौकटीखालीच, स्क्रोल केल्याशिवाय दिसतच नव्हता, तीन दिवस मी वरच थांबलो होतो. पण लगेच टिक केलं नाही, आधी इन्स्टावरचे सगळे सेट काढले. लाईट बिल आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे दुसरा रस्ता आत्ता नकोच.
आज बसून १९ जणांना मेसेज केले, पोस्टर आणि कीचेनचे पैसे परत, खंड मिळणार. चौघांनी ऑर्डर कॅन्सल केली, ते वाईट वाटलं, पण बाकीचे थांबलेत. बुधवारी बँक स्टेटमेंट घेऊन सीएकडं जातोय, अकरा सेटचं जे असेल ते भरतो. पोस्टर पन्नास छापून पडलेत, कागद चांगला १७० जीएसएमचा आहे, प्रेसवाल्याला अजून पैसे द्यायचेत. एकेक गुंडाळून चादरीच्या रिकाम्या खोक्यात उभे ठेवलेत कोपरे मुडू नयेत म्हणून. नंबर घेतला की बघू.
टिक आत्ता केलं. खातं सुरू झालं.

कलबुर्गीकर, रात्री ११:२०
दादा मी त्या १९ मधला आहे, तुमचा मेसेज बघून हा धागा शोधला. खंड ठेवा, शनिवारी सकाळच्या गाडीने सोलापूरला येतोय, सात रस्त्याला भेटू का? आणि पोस्टर हातात घेतलं तर? मी तर तिथं येऊनच घेणार.

चौकटवाला, रात्री ११:२६
ये की. खंड बाजूला ठेवतो तुझा. पोस्टर नाही देता येणार रे, हातात पण नाही.